एका नावावर सगळी वाडी

काका, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. हे दुसऱ्या कुणापाशी बोलायची सोय नाही, म्हणून तुमच्यापाशीच बोलते. प्रकाश फोनवर म्हणाला, "दुपारी पेज प्यायले, भिंतीला टेकून बसले, आईला म्हणाले पंखा बंद कर, गार लागतंय. बस, तेवढंच." मी तुमच्या मुलाला विचारलं, धाप लागली होती का? नाही म्हणाला. घाबरेघुबरे झाले होते का? नाही म्हणाला. मी फोन ठेवला, समोरच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये तुम्ही गेला नाहीत. मुंबईच्या कुठल्या अतिदक्षता विभागात, नाकातोंडात नळ्या घालून, अनोळखी माणसांत गेला नाहीत. आपल्या ओटीवर, आपल्या माणसांत गेलात. त्यासाठी तुम्ही, मी आणि प्रकाश किती भांडलो ते आपल्यालाच ठाऊक.

तेराव्याला मी वाडीवर आले होते. तुमच्याकडच्या कुणा पाहुण्याने मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ दवाखाना चालवणारी बाई मी, नात्यागोत्यातली नाही. "त्यांची डॉक्टर" असं सांगायला तोंड उघडलं, तर काकीच मध्ये बोलल्या, "ह्यांच्या भांडनाची बाय ती." सगळे हसले. काकीही हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. मला ती ओळख फार आवडली.

पण खरं सांगू? त्या दिवशी पानावर बसले तरी माझं लक्ष जेवणात नव्हतं. माझ्या पर्समध्ये त्या गोळीची पाकिटं होती. तीच ती, जिच्यावरून आपलं भांडण कधी मिटलं नाही. एक दिवसही चुकवायची नसते, एकदम बंद केली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं, आणि ती गोळी वाडीतलं नेमकं कोण घेतं हे तुम्ही मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. तुम्ही नेत होतात तोवर ठीक होतं. आता तुम्हीच गेलात. मी पंगतीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, हा असेल का, ही असेल का. मग माझी मलाच लाज वाटली, म्हणून मान खाली घालून भात कालवला. कुणी काही मागितलं नाही. पाकिटं पर्समध्ये तशीच घेऊन मी घाट उतरले. त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता म्हणून सांगू.

तुम्ही दवाखान्यात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो? मी नुकतीच पाटी लावली होती आणि पेशंट यावेत म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेली असायची. बाजारचा दिवस होता. तुम्ही आत आलात, टोपी काढलीत, स्टुलावर बसलात. मी उत्साहाने स्टेथोस्कोप तुमच्या छातीला लावायला गेले, तर तुम्ही हात आडवा केलात.

"मला काय झालं नाय. वाडीला झालंय."

आणि मग वरच्या घरापासून सुरुवात. वरच्या घरात म्हातारीला खोकला, बेडका पिवळा. त्याच्या खालच्या घरात पोराच्या कानातून पाणी येतं. विहिरीकडच्या घरातली सून, सातवा महिना, पाय सुजलेत. पिंपळाखालच्या घरातला माणूस, लघवीला जळजळ. घरामागून घर, अगदी ओढ्याकाठच्या शेवटच्या घरापर्यंत. नाव एकाचंही नाही. मी नावं विचारली तर म्हणालात, "नावाचं काय करतेस गो बाय? घर सांगतो, दुखनं सांगतो, औषद दे."

मी नवी होते, मला वाटलं हा माणूस वेडा तरी आहे नाहीतर मला वेडी समजतोय. नंतर कळलं की डोंगरातल्या वाड्यांची रीतच ती. एसटी सकाळी एक, परत जायला एक. खाली उतरायचं म्हणजे दिवसाचं काम बुडणार, म्हातारीकोतारी माणसं तर त्या चढणीला भीतच असत. मग वाडीतला एकच कुणीतरी उतरायचा आणि सगळ्यांचं घेऊन वर जायचा. तुमच्या वाडीचे तुम्ही. मी ओरडायचे, माणूस बघितल्याशिवाय औषध देणार नाही म्हणायचे. त्या सातव्या महिन्याच्या पोरीला पुढच्या बाजारी घेऊन आलात खरे. तिला हाताला धरून गाडीतून उतरवताना सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं मला म्हणालात, "ही घे, बघ आनि गप बस."

मग दवाखान्यात कंप्युटर आला. मला कोण कौतुक! मी स्क्रीन तुमच्याकडे वळवून दाखवला. म्हटलं, काका, आता एकदा लिहिलं की कायमचं. औषध काय दिलं, कधी दिलं, कशाची ॲलर्जी, सगळं. उद्या तुमचं माणूस महाडला गेलं, मुंबईला गेलं, तरी तिथल्या डॉक्टरला इथलं सगळं दिसेल.

"त्येच तर नको हाय," तुम्ही म्हणालात.

आपलं भांडण सुरू झालं ते त्या वाक्यापासून. तुमचं म्हणणं, एकाचं दुखणं दुसऱ्याला दिसायचं कशाला? पोरीच्या सोयरिकीला आलेल्या माणसाला दिसलं तर? मुंबईत नोकरीला असलेल्याच्या साहेबाला दिसलं तर? माझं म्हणणं, दिसणार डॉक्टरला, साहेबाला नाही, आणि तेही पेशंटने परवानगी दिली तर. तुम्ही मान हलवायचात. माझ्यावर विश्वास होता, पण त्या डब्यावर नव्हता. तुम्ही त्याला डबाच म्हणायचात.

आणि डब्याला घर चालेना, त्याला नाव लागायचं, वय लागायचं, मोबाईल नंबर लागायचा. तुम्ही नाव सांगाल तर शपथ. शेवटी वैतागून म्हणालात, "माजं नाव लाव सगळ्याला." आणि ते तसंच लागत गेलं. मोबाईल नंबर मात्र प्रकाशचा, कारण वाडीत रेंज शाळेच्या कोपऱ्यावर सोडली तर कुठेच नाही आणि तुमचा फोन पेटीत पडून. दवाखान्यात माझ्या मदतीला असलेली सुनंदा टायपिंग करता करता हसत सुटायची. "मॅडम, काकांना लोहाच्या गोळ्या चालू, कॅल्शियम चालू. आता सोनोग्राफी पण काकांचीच लिहू का?" तिकडे प्रकाश मुंबईला एका कंपनीच्या गेटवर ड्युटीला. त्याच्या मोबाईलवर दवाखान्याचे मेसेज जायचे, बाळाच्या लसीची तारीख जवळ आली आहे. त्याने घाबरून बायकोला फोन केला, कुणाचं बाळ? ते ऐकून आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. ते हसू पुढे अंगाशी यायचं होतं.

त्या दिवशी तुम्ही महाडला गेला होतात, तहसील कचेरीत कसल्याशा दाखल्यासाठी. रांगेत उभे असतानाच छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला. लोकांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. तुमच्या खिशात माझ्या दवाखान्याचं कार्ड होतं, म्हणून तिथल्या डॉक्टरचा मला फोन आला. तरुण मुलगा, आवाज शांत, पण बोलण्यात घाई. म्हणाला, मोठा हार्ट अटॅक आहे, ईसीजी मुंबईच्या हृदयतज्ज्ञांना मोबाईलवर पाठवला, त्यांनीही तेच सांगितलं. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं. पण आधी जुनं रेकॉर्ड बघायचं आहे, ते उघडत नाही, ओटीपी दुसऱ्याच नंबरवर जातोय आणि तो माणूस फोनवर शिव्या देतोय.

तो प्रकाश होता. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो हे त्याला कंपनीतून चांगलं पढवलेलं, त्याला वाटलं बँकेचे पैसे लुटणारे चोर. मी फोन लावून ओरडले, "प्रकाश, मी पोलादपूरची डॉक्टर बोलतेय. आकडा सांग आधी, मग रड!" त्याने सांगितला. रेकॉर्ड उघडलं.

आणि काका, उघडलं ते तुमचं नव्हतंच, अख्खी वाडी होती. तो डॉक्टर मला वाचून दाखवायला लागला. साखर, दमा, मूतखडा. "मॅडम, यांना सातवा महिना आहे असंही दिसतंय," तो म्हणाला. पण हसायची वेळ नव्हती, कारण त्याच्या खाली आणखी एक नोंद होती. थोड्याच दिवसांपूर्वीची. एक हात बधिर, तोंड वाकडं, जीभ जड, नंतर आपोआप बरं वाटलं, रक्त पातळ करायची गोळी सुरू. म्हणजे लकव्याचा झटका. तो जर खरंच तुम्हाला येऊन गेला असेल, तर त्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकत होता. नसेल आला, तर ते इंजेक्शन न देणं म्हणजे तुमचं हृदय डोळ्यांदेखत मरू देणं.

सातवा महिना तुमचा नाही हे शेंबडं पोर सांगेल. लकव्याचं मी कशावरून सांगू? त्याच सुमारास तुम्ही दोन-तीन बाजार खाली उतरला नव्हतात, दुसऱ्याकडून निरोप धाडला होतात. तुम्ही स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या घरावर घालून सांगितलं असेल, तुमचा काय नेम! त्या डॉक्टरने तुम्हाला विचारलं होतं, हे तुमचं की दुसऱ्या कुणाचं? आणि छातीत कळा मारत असताना, चेहरा पांढराफटक पडलेला असताना तुम्ही त्याला काय सांगितलंत?

"सगळं माजंच हाय."

तो पुढे म्हणाला होता, मग बाबा, गरोदर कोण आहे? नाव सांगा. तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं, ते एका अनोळखी पोराला का सांगायचं, तो डॉक्टर का असेना! मरण दारात आलं तरी तुमचा हेका सुटेना. मला हे फोनवर कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. म्हटलं, व्हिडिओ लावा, मला ते दिसू देत.

तुमचा चेहरा दिसला. घामाने केस चिकटलेले. मी पहिल्यांदा तुमच्यावर ओरडणारच होते. मग सुचलं. आजही वाटतं, ते सुचलं नसतं तर? मी म्हटलं, "काका, कुणाचं काय ते मला नकोय. एकाचंही सांगू नका. तुमचं स्वतःचं यातलं कोणतं, तेवढंच सांगा."

तुम्ही डोळे उघडलेत. जरा विचार केलात. "माजा गुडगा," म्हणालात. "मलम दिलंवतंस ता."

"लकवा?"

"नाय गो. त्या टायमाला सून माहेरी, गुरं कोन बघील म्हनून नाय आलो खाली."

"रक्त पातळ करायची गोळी तुम्ही घेता?"

"मी कशाला घेऊ? ज्याची त्यो घेतो."

तरीही मी खात्री केली. दोन्ही हात वर करा म्हटलं. केलेत. डोळे घट्ट मिटा. मिटलेत. आता दात दाखवा. तर त्या अवस्थेत मला म्हणता, "दात हायत कुठं?" पण तोंड पसरून दाखवलंत आणि ते दोन्ही बाजूंनी सारखं होतं. त्या डॉक्टरनेही आपल्या हाताने तपासलं, मुंबईच्या तज्ज्ञांशी पुन्हा बोलला आणि इंजेक्शन दिलं. मी फोन हातात धरून बसून राहिले, बाहेर पेशंट खोळंबलेले. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, दुखणं कमी झालंय, ईसीजी सुधारतोय, बाबा चहा मागतायत. मी सुनंदाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आयुष्यभर चिडवलं असतंत.

बरे होऊन वाडीवर गेलात आणि मागोमाग मीच वर आले, टॅब घेऊन. शाळेच्या कोपऱ्यावर, जिथे रेंज येते तिथे बसले आणि म्हटलं, आता एकेकाने यायचं, स्वतःचं नाव, स्वतःचा अंगठा, स्वतःचा नंबर. नंबर विचारला की पहिला माणूस प्रकाशचाच सांगायला लागला! तुम्ही तिथूनच खेकसलात, "त्याचा नको, त्यानं मला मारलाच असता." वाडीतल्या पोरापोरींनी मग घराघरांतले पेटीतले फोन बाहेर काढले. वरच्या घरातल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की लकवा त्याला येऊन गेला. विहिरीकडच्या सुनेने मांडीवरचं धाकटं पोर दाखवलं, हाच तो तुमच्या नावावरचा सातवा महिना. आता ही माणसं हे सगळ्यांदेखत हसत सांगतात, म्हणून मीही इथे लिहिते आहे.

मग सोमवारची दुपार ठरली. वाडीच्या आरोग्यसेविका आशाताई फोन घेऊन शाळेच्या पडवीत बसायच्या, मी इकडून व्हिडिओवर. रक्तदाबाचं मशीन हाताला लावलं की आकडा थेट माझ्या स्क्रीनवर. पायाची जखम फोटोत बघायची, श्वास मोजायचा, बाळाचं रडणं ऐकायचं. ज्याला खरंच खाली यायला हवं त्यालाच मी बोलवायची, बाकीच्यांची औषधं एसटीने. ज्या म्हाताऱ्यांना मी वर्षानुवर्षं फक्त खोकल्याने ओळखत होते, त्यांची तोंडं पहिल्यांदा दिसली. आणि त्या सगळ्याचा मुकादम कोण? तुम्हीच. डब्याला नावं ठेवणारा माणूस पडवीत रांग लावायचा, पुढं सरक, मागं हो, तुजा नंबर नंतर. पण कुणाची पाळी आली की तुम्ही उठून शाळेसमोरच्या फणसाखाली जाऊन बसायचात, पडवीकडे पाठ करून. ऐकू येऊ नये इतकं लांब. हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते बघून मला तुमच्याबद्दल इतकी माया वाटायची, आणि तोंडाने मात्र मी म्हणायची, काका, फणस पडेल डोक्यात.

सगळ्यांची दुखणी तुमच्या नावावरून उतरली. एक उरलं. ती गोळी. रक्त पातळ करायची नव्हे, तेराव्याला माझ्या पर्समध्ये होती ती.

तिचं असं होतं की ती मी सुरू केलेली नव्हती. मुंबईच्या कुणा डॉक्टरने दिलेली, चिठ्ठी तुम्ही आणलीत तीच वरचं, नावाचं टोक फाडून. मी म्हटलं, माणूस दाखवा. तुम्ही म्हणालात, नाय. मी म्हटलं, देत नाही. तुम्ही म्हणालात, मग त्याचा जीव गेला तर? मग मी द्यायची. काही विचारायचं असलं की तुमच्याकडे प्रश्न द्यायचा, पुढच्या खेपेला तुम्ही उत्तर आणायचात, बरोबर शब्दाला शब्द. एकदा म्हटलं, रक्त तपासायला हवं. तुम्ही बाही वर सारलीत, "माजं घे." मी कपाळाला हात लावला. पुढे ते माणूस मुंबईला कुणाच्या लग्नाला गेलं, तेव्हा त्याने तिथे तपासून घेतलं आणि रिपोर्ट आला, पुन्हा टोक फाडलेला.

महाडच्या त्या प्रसंगानंतर मी हटूनच बसले. ती गोळी तुमच्या नावावर ठेवणार नाही म्हटलं, उद्या कुणाला वाटेल तुम्हीच घेता. तुम्ही म्हणालात, मग बिननावाचं लिव. बिननावाचं तो डबा घेत नाही, काका! शेवटी तुमच्याच रेकॉर्डमध्ये ठळक अक्षरांत टाकलं की ही गोळी हे गृहस्थ स्वतः घेत नाहीत. सुनंदा म्हणाली, असली नोंद महाराष्ट्रात एकच असेल. मी तुम्हाला दर खेपेला सांगत राहिले की त्या माणसाला स्वतःचं रेकॉर्ड हवं, रात्री-अपरात्री कुठे पडलं, कुठे नेलं, तर तिथल्या डॉक्टरला कळायला हवं. त्याच्या अंगठ्याशिवाय ते कुणाला उघडता येणार नाही, मलासुद्धा नाही. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि गोळ्या पिशवीत टाकायचात.

मग तुमचं हृदय थकत गेलं. आम्ही ते वजनावरून ओळखायचो, सकाळी आशाताई काटा घेऊन यायच्या, आकडा माझ्या मोबाईलवर. वजन चढलं की पाणी साठलंय, लघवीची गोळी वाढव. उतरलं की कमी. त्या आकड्यांवर आपण तुम्हाला बरेच दिवस घरात ठेवलं. प्रकाशला ते पटत नव्हतं. मुंबईला नेतो, मोठ्या हॉस्पिटलात टाकतो, मी मुलगा आहे की कोण आहे, असं म्हणून तो रडायचा. म्हणून एके दिवशी सगळ्यांना एकदम व्हिडिओवर बसवलं. मुंबईचे हृदयतज्ज्ञ, प्रकाश गेटवरच्या केबिनमध्ये, मी दवाखान्यात, तुम्ही आणि काकी वाडीवर नुकत्याच उभ्या राहिलेल्या मोबाईल टॉवरच्या कृपेने आपल्याच ओटीवर. तज्ज्ञांनी रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं, इथे आणून जे होईल त्याने बाबांचे हाल वाढतील, दिवस नाहीत. तुम्ही म्हणालात, "आयकलंस ना रं? आता रजा घे नि हितं ये." तो आला. शेवटचे दिवस तुमच्याजवळ होता. हे सगळं फोनवर जुळून आलं म्हणून मी त्या फोनचे उपकार मानते, आणि तुम्ही मानत नव्हतात हे मला ठाऊक आहे.

शेवटच्या सोमवारी मी काकींना म्हटलं, जरा फोन त्यांच्याजवळ द्या आणि तुम्ही आत जा. मग तुम्हाला विचारलं, काका, आता तरी सांगा, ती गोळी कुणाची? तुमच्यानंतर मी ती कुणाला देऊ? तुम्ही फोनकडे बघितलंत. म्हणालात, "तिकडं पोलादपूरला पाऊस हाय का गो?" मी चिडून म्हटलं, आहे. मग तुम्ही पावसाचंच बोलत राहिलात. तेच आपलं शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर रोज हिशेब करत होते की तुम्ही शेवटच्या नेलेल्या गोळ्या आता संपत आल्या असतील. आशाताईंना विचारू? मग इतकी वर्षं तुम्ही जपलेलं मीच फोडल्यासारखं. न विचारू, आणि वाडीत कुणी मरून पडलं तर? झोप उडाली होती माझी.

आज दुपारी एक माणूस आलं. सगळे पेशंट जाईपर्यंत बाहेर बाकावर बसून होतं. आत आलं, सुनंदाकडे बघितलं. मी सुनंदाला चहा आणायला पाठवलं. त्या माणसाने टेबलावर रिकामं पाकीट ठेवलं आणि म्हटलं, "संपली."

काका, मी तुम्हाला सांगू शकत नाही मला काय वाटलं. उठून मिठी मारावी असं वाटलं, मारली नाही. स्क्रीन वळवला. नाव विचारलं, त्या माणसाने सांगितलं. मोबाईल नंबर, स्वतःचा. अंगठा लावला. रक्तदाब घेतला, डोळे बघितले, रक्त काढलं, ते आता त्या माणसाच्याच दंडातून, तुमच्या नाही. सगळं ठीक आहे. नीट आहे. तुमच्या रेकॉर्डमधून ती नोंद मी पुसून टाकली.

नाव मी इथे लिहीत नाही. बाई की बाप्या, म्हातारं की तरणं, तेही नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आता मला ठाऊक आहे, पुरे झालं.

फक्त एक विचारल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं मी काकांच्या मागे लागले होते तेव्हा आला नाहीत, आज कसं यावंसं वाटलं? गोळ्यांची पिशवी आवळत उत्तर आलं, "काकांनीच सांगून ठेवलेलं. माज्यामागं त्या बायकडं जा, तिचा डबा कसा हाय ता मला ठावं नाय, पन ती कुनाचं कुनाला सांगत नाय."